परदेश दौऱ्याचा प्रवासखर्च आणि प्रवास विमा : विद्यापीठातील शिक्षक व संशोधकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परिषदेसाठी, प्रयोगशाळेतील कामासाठी किंवा अभिलेखागारातील कागदपत्रे पाहण्यासाठी महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांतून आणि संलग्न महाविद्यालयांतून परदेशी जाणाऱ्या शिक्षकांसाठी व संशोधक विद्यार्थ्यांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. प्रवासखर्चाची नियमावली प्रत्येक विद्यापीठाची स्वतःची असते आणि अंतिम निर्णय तिच्याच आधारे होतो. मात्र पैसा केंद्र सरकारच्या अनुदानातून आला असेल, तर सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ आणि वेळोवेळी निघालेली कार्यालयीन ज्ञापनेही पाहावी लागतात. देयके अडतात ती बहुधा खर्च अवाजवी होता म्हणून नव्हे, तर निघण्यापूर्वी घ्यायचा कागद निघण्यापूर्वी घेतला नाही म्हणून. त्यामुळे पुढील उत्तरांत पूर्वतयारीवर अधिक भर दिला आहे.

परिषदेचे स्वीकृतिपत्र आले आहे. सर्वांत आधी काय करावे?

तिकीट पाहू नये, अर्ज करावा. विभागप्रमुखांच्या किंवा प्राचार्यांच्या मार्फत कुलसचिव कार्यालयाकडे जाणाऱ्या या अर्जात तीन वेगवेगळ्या गोष्टी मागायच्या असतात : परदेशी जाण्यास ना हरकत, त्या काळासाठी कर्तव्य रजा आणि खर्चाची मंजुरी. यांपैकी एक मिळाली म्हणजे उरलेल्या दोन आपोआप मिळाल्या, असा समज फार पसरलेला आहे आणि त्याचा भुर्दंड अनेकांना पडतो. ना हरकत प्रमाणपत्रावर ‘विद्यापीठावर कोणताही आर्थिक भार न टाकता’ असे वाक्य असेल, तर पुढे सादर केलेले देयक त्या एका वाक्यावर परत येऊ शकते. म्हणून पत्र हातात पडताच ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे.

मंजुरीपत्रात रक्कम आणि लेखाशीर्ष तर हवेच, शिवाय कोणत्या बाबींसाठी ती रक्कम आहे हेही लिहून घ्यावे : विमानभाडे, व्हिसा शुल्क, परिषदेचे नोंदणी शुल्क, निवास, दैनिक भत्ता आणि विमा हप्ता. विम्याचा उल्लेख बहुतेक वेळा राहून जातो आणि मग ‘मंजुरीत नाही’ या शेऱ्यासह ती रक्कम कापली जाते. कार्योत्तर मंजुरीची सोय नियमांत असली, तरी ती अपवादात्मक परिस्थितीसाठी आहे. तिच्या भरवशावर निघू नये.

एकाच दौऱ्यासाठी दोन ठिकाणांहून अर्थसाहाय्य घेता येते का?

घेता येते, पण एकाच बाबीसाठी दोनदा नाही. अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनने पुढे चालवलेल्या, पूर्वी एसईआरबीकडे (विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाकडे) असलेल्या आंतरराष्ट्रीय प्रवास साहाय्य योजनेतून मुख्यतः इकॉनॉमी वर्गाचे विमानभाडे आणि व्हिसा शुल्क मिळते. अशा वेळी निवासाचा आणि दैनिक भत्त्याचा भार विद्यापीठाने उचलावा, अशी मागणी रास्त ठरते. मूळ पावत्या ज्या संस्थेकडे जातील तिचे नाव आधीच ठरवावे, दुसऱ्या संस्थेला साक्षांकित प्रती द्याव्यात आणि ‘ही रक्कम अन्य कोठूनही मागितलेली नाही’ असे हमीपत्र बाबनिहाय लिहून द्यावे.

यजमान विद्यापीठ सगळा खर्च करणार आहे. तरीही परवानगी लागते का?

रजा आणि ना हरकत तर लागतेच. त्याखेरीज परकीय योगदान नियमन अधिनियम, २०१० मधील कलम ६ लक्षात घ्यावे. सरकारी सेवक आणि सरकारच्या मालकीच्या किंवा नियंत्रणाखालील संस्थांचे कर्मचारी यांना परकीय आदरातिथ्य स्वीकारण्यापूर्वी केंद्रीय गृह मंत्रालयाची परवानगी घ्यावी लागते. त्यासाठीचा एफसी-२ अर्ज निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी मंत्रालयाकडे पोहोचला पाहिजे. आपल्या पदाला हे कलम लागू होते का, हे कुलसचिव कार्यालयाकडून लेखी विचारून घ्यावे. परदेशात अचानक आजारपण आले आणि तेथील कोणी उपचारांचा खर्च केला, तर आधी परवानगी लागत नाही, परंतु एका महिन्याच्या आत कळवावे लागते.

तिकीट कोठून आणि केव्हा काढावे?

केंद्र सरकारच्या पैशातून होणाऱ्या प्रवासासाठी जून २०२२ च्या ज्ञापनानुसार बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स अँड टूर्स आणि आयआरसीटीसी या तीनच अधिकृत संस्थांकडून तिकीट काढायचे असते. निघण्याच्या किमान २१ दिवस आधी तिकीट काढावे आणि त्या वेळी उपलब्ध असलेल्यांपैकी सर्वांत स्वस्त भाडे निवडावे, असेही त्यात सांगितले आहे. केवळ एअर इंडियानेच प्रवास करण्याची जुनी अट ती कंपनी टाटा समूहाकडे गेल्यानंतर उरलेली नाही. तरीही जुन्या परिपत्रकाची प्रत जोडून देयक परत पाठवले जाते, असा अनुभव काही ठिकाणी अजूनही येतो. तसे झाल्यास नव्या ज्ञापनाची प्रत सोबत द्यावी.

खासगी संकेतस्थळावर तेच तिकीट स्वस्त मिळत असेल तर?

हा प्रश्न रागाने विचारला जातो आणि तो राग समजण्यासारखा आहे, कारण सार्वजनिक पैसा वाचवणाऱ्यालाच येथे नुकसान सोसावे लागते. तरीही लेखी पूर्वपरवानगी नसताना खासगी संकेतस्थळावरून तिकीट काढू नये. त्याच दिवशी, त्याच वेळी अधिकृत संस्थेच्या पानावर दिसणाऱ्या भाड्याची छापील प्रत काढावी, ती अर्जाला जोडून परवानगी मागावी आणि परवानगी आल्यावरच पैसे भरावेत. विद्यापीठाचा स्वतःचा निधी असेल तर वित्त व लेखा अधिकारी अशी मुभा देऊ शकतात. केंद्राच्या अनुदानात त्यांचेही हात बांधलेले असतात.

मी संशोधक विद्यार्थी आहे. आधी स्वतःचे पैसे घालून नंतर परत मिळण्याची वाट पाहणे मला शक्य नाही. काय करावे?

अग्रिम, म्हणजे खर्चासाठी आगाऊ रक्कम मागावी, आणि ती मागताना संकोच करू नये. नांदेड, गडचिरोली किंवा रत्नागिरीहून आलेल्या, पाठ्यवृत्तीवर महिना काढणाऱ्या विद्यार्थ्याने ७०-८० हजारांचे तिकीट उसनवारीवर काढावे आणि देयक मंजूर होईपर्यंत सहा-सहा महिने थांबावे, ही पद्धत कोणत्याही नियमावलीत लिहिलेली नाही. ती केवळ पडलेली आहे. आपल्या विद्यापीठाच्या नियमांत विद्यार्थ्यांसाठी अग्रिमाची तरतूद नसेल, तर मार्गदर्शकांच्या नावे अग्रिम घेता येतो का, किंवा विद्यापीठाने अधिकृत संस्थेला थेट पैसे देऊन तिकीट काढून द्यावे का, हे विचारावे. दुसरा मार्ग विशेष सोयीचा आहे, कारण रक्कम विद्यार्थ्याच्या हातात येत नाही आणि लेखापरीक्षणाचा प्रश्नही सुटसुटीत राहतो. परिषदेचे नोंदणी शुल्कही विद्यापीठ थेट भरू शकते. मार्गदर्शकांनी यात पुढाकार घ्यावा, कारण वित्त विभागात विद्यार्थ्याने एकट्याने जाणे आणि मार्गदर्शकांनी सोबत जाणे यांत फार फरक पडतो.

घेतलेल्या अग्रिमाचे समायोजन परतल्यावर ठरलेल्या मुदतीत, सहसा १५ दिवसांत, करावे लागते. दौरा रद्द झाला तर पूर्ण रक्कम लगेच परत भरावी, अन्यथा तिच्यावर व्याज आकारले जाऊ शकते.

दैनिक भत्ता आणि हॉटेलचा खर्च दोन्ही मिळतात का?

परदेशातील दैनिक भत्त्याचे दर परराष्ट्र मंत्रालय देशनिहाय ठरवते आणि विद्यापीठे ते दर किंवा त्यांवर आधारलेली स्वतःची मर्यादा वापरतात. हा भत्ता जेवण, शहरांतर्गत प्रवास आणि किरकोळ खर्चासाठी असून निवासाचे देयक त्यातून वेगळे असते. परिषदेच्या नोंदणी शुल्कात जेवण समाविष्ट असेल किंवा यजमानांनी राहण्या-जेवण्याची सोय केली असेल, तर भत्ता त्या प्रमाणात कमी होतो. ही माहिती दडवू नये, कारण परिषदेच्या संकेतस्थळावर ती कोणालाही दिसते.

पैसे कसे न्यावेत आणि रुपयांत हिशेब कोणत्या दराने करावा?

एका प्रवासासाठी परकीय चलनाच्या नोटा साधारणपणे ३,००० डॉलरपर्यंत नेता येतात. उरलेली रक्कम फॉरेक्स कार्डावर, म्हणजे परकीय चलन भरून ठेवलेल्या बँक कार्डावर ठेवावी. चलन घेताना बँकेने किंवा अधिकृत विक्रेत्याने दिलेले प्रमाणपत्र हा हिशेबाचा मुख्य आधार असतो, कारण त्यावर प्रत्यक्ष दर लिहिलेला असतो. क्रेडिट कार्डाने खर्च केला असेल, तर कार्डाच्या विवरणपत्राचे ते पान जोडावे. दोन्ही नसेल तर कार्यालय आपल्या सोयीचा दर लावते. परतल्यावर उरलेले चलन १८० दिवसांत बँकेला परत द्यावे. २,००० डॉलरपर्यंतची रक्कम पुढील प्रवासासाठी जवळ ठेवता येते.

परिषदेला जोडून चार दिवस नातेवाइकांकडे राहता येईल का?

येईल, पण ते दिवस अर्जात आधी दाखवावेत आणि त्यांसाठी वेगळी अर्जित रजा घ्यावी. त्या दिवसांचा निवास, भत्ता आणि स्थानिक प्रवास स्वखर्चाने करायचा असतो. परतीचे तिकीट लांबल्यामुळे महाग झाले असल्यास, परिषद संपल्यावर लगेच परतलो असतो तर किती भाडे पडले असते याची छापील प्रत तिकीट काढतानाच घेऊन ठेवावी. विमाही शेवटच्या दिवसापर्यंत हवा. परिषदेच्या तारखांपुरती पॉलिसी काढून पुढचे चार दिवस विनाविमा काढणारे बरेच जण असतात.

देयकासोबत कोणते कागद लागतात, आणि मुदत किती?

केंद्राच्या नियमांनुसार मार्च २०१८ पासून प्रवास भत्ता देयकाची मुदत एका वर्षावरून ६० दिवसांवर आली आहे. राज्य विद्यापीठांची मुदत वेगळी असू शकते, पण ६० दिवसांची मुदत धरून चालणे सुरक्षित असते.

मंजुरीपत्र, तिकीट व त्याचे बीजक, बोर्डिंग पास, नोंदणी शुल्काची पावती, निवासाचे देयक, व्हिसाच्या पानाची व इमिग्रेशनच्या शिक्क्यांची प्रत, उपस्थितीचे प्रमाणपत्र आणि विमा पॉलिसी हे कागद जवळजवळ सर्वत्र मागितले जातात. बोर्डिंग पास मोबाइलवर असेल तर तो उड्डाणापूर्वीच प्रतिमा म्हणून जतन करावा, कारण विमान सुटल्यावर कंपनीच्या ॲपमधून तो बहुधा नाहीसा होतो. टॅक्सी, मेट्रो आणि उपाहारगृहांच्या पावत्या बहुधा उष्णता-संवेदी कागदावर छापलेल्या असतात. पाकिटात ठेवल्या तर काही आठवड्यांत त्यांवरील अक्षरे उडतात आणि लेखा विभागाच्या टेबलावर केवळ पांढरे तुकडे पोहोचतात. त्याच संध्याकाळी त्यांची छायाचित्रे घ्यावीत आणि घरी येताच छायाप्रती काढून मूळ पावतीसोबत डकवाव्यात. पावती परक्या भाषेत असेल तर तिच्याशेजारी तारीख, बाब आणि रक्कम लिहून स्वाक्षरी करावी.

माझ्याकडे मेडिक्लेम आहे. वेगळा प्रवास विमा कशासाठी?

कारण भारतातील नेहमीचा आरोग्य विमा आणि बहुतेक विद्यापीठांच्या सामूहिक योजना भारतातील उपचारांपुरत्याच असतात. अमेरिकेत १९८६ च्या कायद्यामुळे आपत्कालीन कक्षातील रुग्णाची तपासणी करून त्याची प्रकृती स्थिर करणे रुग्णालयावर बंधनकारक आहे, पैसे असोत वा नसोत. पण देयक मागाहून येतेच, आणि ते शिक्षकाच्या वर्षाच्या पगारापेक्षाही मोठे असू शकते. ब्रिटनमध्ये अपघात कक्षातील तातडीचे उपचार मोफत असले, तरी रुग्णालयात दाखल केल्यावर परदेशी पाहुण्यांकडून एनएचएसच्या (तेथील सरकारी आरोग्य सेवेच्या) दराच्या १५० टक्के आकार घेतला जातो आणि ५०० पौंडांहून अधिक थकबाकी राहिल्यास पुढील व्हिसावर परिणाम होऊ शकतो.

दोन आठवड्यांच्या दौऱ्याचा विमा हप्ता विमानभाड्याच्या तुलनेत फारच लहान असतो. ज्या विद्यापीठाने एखाद्याला आपले प्रतिनिधी म्हणून पाठवले, त्याने हा हप्ता भरणे हे त्याचे कर्तव्यच आहे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. अधिकार मंडळांवर असलेल्या शिक्षकांनी हा विषय तेथे जरूर मांडावा.

किती रकमेचे संरक्षण घ्यावे?

युरोपातील शेंगेन देशांच्या (एकच समाईक व्हिसा चालणाऱ्या गटाच्या) अल्पकालीन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचे संरक्षण असलेली, सर्व शेंगेन देशांत आणि मुक्कामाच्या संपूर्ण काळात वैध असलेली पॉलिसी सक्तीची आहे. तातडीचे उपचार, आपत्कालीन स्थितीत रुग्णालयात दाखल होणे आणि मायदेशी परत आणण्याचा खर्च तिच्यात हवा. अमेरिकेच्या जे-१ (अभ्यागत विनिमय) व्हिसावर जाणाऱ्या संशोधकांसाठी प्रत्येक आजार किंवा अपघातामागे किमान १,००,००० डॉलर, रुग्णाला उपचारांसाठी मायदेशी हलवण्यासाठी ५०,००० डॉलर आणि पार्थिव परत पाठवण्यासाठी २५,००० डॉलर असे संरक्षण असावे लागते, आणि विमाधारकाने स्वतः सोसायची रक्कम ५०० डॉलरपेक्षा अधिक असून चालत नाही. ब्रिटनमध्ये सहा महिन्यांहून अधिक काळासाठी व्हिसा घेणाऱ्यांना आरोग्य अधिभार भरावा लागतो. विद्यार्थ्यांसाठी तो फेब्रुवारी २०२४ पासून वर्षाला ७७६ पौंड आहे.

हे सगळे किमान आकडे आहेत. व्हिसा मिळवून देणारी सर्वांत स्वस्त पॉलिसी आणि खरोखर उपयोगी पडणारी पॉलिसी या दोन निराळ्या गोष्टी असू शकतात.

पॉलिसी घेताना नेमके काय वाचावे?

मधुमेह, रक्तदाब, दमा, पूर्वीची शस्त्रक्रिया अशी आधीपासूनची दुखणी अर्जात लिहिलीच पाहिजेत. ती लपवून घेतलेली पॉलिसी म्हणजे हप्ता वाया घालवणे होय. बऱ्याच पॉलिसींत आधीपासूनच्या आजारावर केवळ जिवावर बेतल्यासच आणि मर्यादित रकमेपर्यंतच खर्च मिळतो, म्हणून पन्नाशी ओलांडलेल्या प्राध्यापकांनी हे कलम सर्वांत आधी पाहावे. त्यानंतर, प्रत्येक दाव्यात स्वतः सोसायची रक्कम किती हे पाहावे. ती १०० डॉलर असेल तर ८० डॉलरच्या दंतोपचाराचा दावा करून उपयोग नाही. मद्यपानानंतरचा अपघात आणि साहसी खेळ बहुतेक ठिकाणी वगळलेले असतात. भूगर्भशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्राच्या क्षेत्रकार्यासाठी डोंगरदऱ्यांत जाणाऱ्यांनी आपले काम ‘साहसी’ या व्याख्येत येते का, हे कंपनीकडून ईमेलने लिहून घ्यावे. भारतीय कंपन्यांची पॉलिसी सहसा देश सोडण्यापूर्वीच घ्यावी लागते.

परदेशात आजारी पडल्यास पहिले पाऊल कोणते?

जीव धोक्यात असेल तर प्रथम आपत्कालीन सेवा : युरोपीय संघात ११२, अमेरिकेत ९११. प्रकृती थोडी सावरताच, शक्यतो रुग्णालयात दाखल होण्यापूर्वी किंवा पॉलिसीत लिहिलेल्या मुदतीत, विमा कंपनीच्या साहाय्य केंद्राला फोन करावा आणि दाव्याचा क्रमांक लिहून घ्यावा. कंपनीने रुग्णालयाला थेट पैसे देण्याची सोय या फोनवरच अवलंबून असते. फोन उशिरा झाला तर आधी स्वतः पैसे भरून नंतर परतफेड मागण्याची पाळी येते, आणि फॉरेक्स कार्डावर तेवढी शिल्लक क्वचितच असते. पॉलिसी क्रमांक व तो फोन क्रमांक कागदावर लिहून पारपत्रात ठेवावा आणि एक प्रत घरी, एक मार्गदर्शकांकडे द्यावी. बेशुद्ध माणसाचा मोबाइल कोणी उघडू शकत नाही.

परतफेडीसाठी डॉक्टरांचा निदानासहित अहवाल, औषधांची चिठ्ठी, तपासण्यांचे निष्कर्ष, देयक आणि पैसे भरल्याची पावती हे सर्व तेथूनच घेऊन निघावे. भारतात आल्यावर परदेशी रुग्णालयाकडून कागद मागवणे अतिशय जिकिरीचे ठरते.

सामान आले नाही किंवा तुटले तर?

विमानतळावरील सामानपट्ट्याच्या दालनातून बाहेर पडू नये. तेथेच असलेल्या सामान-तक्रार खिडकीवर जाऊन पीआयआर नावाचा अहवाल नोंदवावा आणि त्याचा क्रमांक घ्यावा. विमा कंपनी आणि विमान कंपनी दोघीही तो मागतात. विमान कंपन्यांची जबाबदारी ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मॉन्ट्रियल करारानुसार सामानाच्या नुकसानीची लेखी तक्रार ते मिळाल्यापासून ७ दिवसांत, आणि विलंबाची तक्रार सामान ताब्यात मिळाल्यापासून २१ दिवसांत करावी लागते. भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून प्रतिप्रवासी १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबी एकक) आहे. मधल्या काळात घेतलेल्या कपड्यांच्या व औषधांच्या पावत्या सांभाळाव्यात. संशोधनाचे नमुने, मूळ दस्तऐवज आणि लॅपटॉप मात्र हातातील सामानातच असावेत, कारण अशा वस्तू बहुतेक पॉलिसींत वगळलेल्या असतात.

विमान रद्द झाले किंवा फार उशिरा सुटले तर?

कंपनीकडून कारणासहित लेखी दाखला घ्यावा. युरोपीय संघातून सुटणाऱ्या कोणत्याही विमानाला २००४ चा नियम लागू होतो. असाधारण परिस्थिती नसेल, तर अंतरानुसार २५० ते ६०० युरो भरपाई मागता येते. एक रात्र अधिक मुक्काम करावा लागला, तर विद्यापीठाकडे त्याचा खर्च मागताना हा दाखला आणि विमान कंपनीने किंवा विमा कंपनीने काय दिले याचा तपशील जोडावा.

पारपत्र हरवले तर?

स्थानिक पोलिसांकडे तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी आणि भारतीय दूतावासाकडे किंवा वाणिज्य दूतावासाकडे जावे. भारतात परतण्यापुरते आपत्कालीन प्रमाणपत्र तेथे मिळते. त्याचे शुल्क अनेक पॉलिसींतून परत मिळते.

व्हिसा नाकारला गेला. झालेला खर्च मिळेल का?

नकाराचे पत्र जपून ठेवावे. पॉलिसी सुरू होण्याच्या तारखेपूर्वी ते दाखवल्यास बहुतेक विमा कंपन्या थोडे शुल्क कापून हप्ता परत देतात. तिकीट रद्द केल्याने बुडालेली रक्कम आणि व्हिसा शुल्क विद्यापीठाने द्यावे की नाही, हे मंजुरीपत्रातील शब्दांवर ठरते. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासापूर्वी सहा महिन्यांपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. उन्हाळ्यात मुंबईतील केंद्रांवर भेटीची वेळ मिळणे कठीण होत असल्याने, मे ते ऑगस्टमधील परिषदेसाठी जितक्या लवकर अर्ज करता येईल तितका करावा. परत न मिळणारे तिकीट व्हिसा हाती येण्यापूर्वी काढू नये.

प्रवासात मृत्यू ओढवल्यास कुटुंबाला कोणती मदत मिळते?

हा प्रश्न क्वचितच विचारला जातो, पण त्याचे उत्तर घरच्यांना माहीत असले पाहिजे. विमा कंपनीचे साहाय्य केंद्र आणि भारतीय दूतावास या दोघांना ताबडतोब कळवावे. मृत्यूची नोंद, पारपत्र रद्द करणे आणि पार्थिव भारतात आणण्यासाठीचे ना हरकत पत्र ही कामे दूतावास करतो. पार्थिव आणण्याचा खर्च पॉलिसीतून पॉलिसीतील मर्यादेपर्यंत भागतो. विमा नसेल आणि कुटुंबाची ऐपत नसेल, तर २००९ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून दूतावास मदत करू शकतो. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ संकेतस्थळावर भारतातूनही प्रकरण नोंदवता येते. विद्यापीठाने अशा वेळी एका अधिकाऱ्याची नेमणूक करून सर्व पत्रव्यवहार त्याच्याकडे सोपवावा. शोकात असलेल्या घराने कार्यालयांचे उंबरठे झिजवू नयेत.

विमा कंपनीने दावा नाकारला. पुढे काय?

नकार कोणत्या कलमाखाली दिला, हे लेखी मागावे आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार करावी. आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेच्या ‘बिमा भरोसा’ संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते. एका महिन्यात उत्तर आले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसेल, तर विमा लोकपालांकडे जाता येते. त्यांची कार्यालये मुंबई आणि पुण्यातही आहेत, ५० लाख रुपयांपर्यंतचे दावे ते हाताळतात, त्यासाठी शुल्क नाही आणि वकिलाची गरज नाही. कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तक्रारदाराला तो मान्य नसल्यास ग्राहक आयोगाचा मार्ग मोकळा राहतो.